संपादकांचाच लेख नापास

आमच्या शोधपत्रिकेचे अंक वर्षाला दोन निघतात आणि किस्से आठवड्याला दोन. अंक वेबसाइटवर आहेत, कुणीही फुकट वाचा. किस्से मात्र चहाबरोबर संपून जातात, म्हणून काही लिहून ठेवते.

आम्ही तिघं. मुख्य संपादक गोविंद सर, शहापूरचे, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नीलिमा, जिचं मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. आमची पानं तीच लावते. आणि मी, एम.ए. झाल्यापासून घरच्यांच्या मते बेकार.

*

देणगी मागायला सर एका शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "लेखकाकडून घेत नाही, वाचकाकडून घेत नाही. सगळं फुकटच आहे, तर पैसे हवेत कशाला?"

"फुकट ठेवायला," सर म्हणाले.

शेठ बराच वेळ हसत होते. वेबसाइटचा वर्षाचा खर्च त्यांनी दिला. वर बजावलं, "माझं नाव टाकू नका. सगळे मागायला येतील."

*

एका प्राध्यापकांचा फोन आला. "लेख छापायचे किती घेता?"

"काहीच नाही, सर."

पलीकडून हळूच, "म्हणजे बोगस आहे का?"

मी अर्धा तास समजावत होते. पुढे कळलं, त्यांनी लेख पैसे घेणाऱ्यांकडे दिला. त्यांना खात्री हवी होती!

*

नीलिमाच्या दुकानात एकदा नाचणीवरच्या लेखाची पानं एका गिऱ्हाइकाच्या दाखल्याच्या अर्जाला स्टेपल होऊन गेली. दोन दिवसांनी तो माणूस परत आला. "ताई, हे तुमचं वाटतं." प्रत्येक पानावर कुठल्यातरी कचेरीचा गोल शिक्का होता: 'तपासले'.

सरांनी पानं उलटसुलट करून बघितली. "कमाल आहे. मी अजून तपासला नव्हता."

*

आमचा एक नियम आहे. लेख ज्या पाड्याबद्दल आहे, त्या पाड्यात तो आधी वाचून दाखवायचा, लेखकाचं नाव न सांगता. पाड्याने नको म्हटलं तर लेख परत.

डोळखांबकडच्या एका पाड्यात हिराबाईंच्या ओटीवर मी काळ्या कुसळांच्या भातावरचा लेख वाचत होते. हिराबाईंनी हा भात आयुष्यभर लावलाय. लेख होता सरांचा, आणि सर शेजारीच बसलेले, चेहरा अगदी कोरा. 'शिजवल्यावर वास मंद' या वाक्याला हिराबाईंनी हात वर केला.

"थांब गो. ह्यानं हा भात खाल्लाय का कधी?"

"विचारावं लागेल," मी म्हटलं.

"इचार. आन् खाल्ला नसंल तर सांग त्याला, आधी जेव, मग लिव." मग सरांकडे वळून, "तुमी कशाला खाली बगता, मास्तर?"

लेख नापास.

*

खुल्या शोधपत्रिकांची एक मोठी यादी असते. तीत नाव नसेल तर प्राध्यापकांना आमच्याकडे छापल्याचं श्रेय मिळत नाही. त्यापायी दोघांनी लेख मागे घेतले होते. यादीत गेलो नाही तर पुढचा अंक शेवटचा, हे तिघांनाही न बोलता कळलं होतं.

अर्जाला उत्तर आलं: तुम्ही लेख खरंच तपासता, याचा पुरावा द्या. एखादा नाकारलेला लेख परीक्षणासकट पाठवा.

आम्ही तोवर एकच लेख नाकारला होता.

"सर, नको," नीलिमा म्हणाली. "त्यांना आपण दुसरं काहीतरी कळवू."

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. लेखक म्हणून आपलं नाव घातलं, सगळ्या पदव्यांसकट. परीक्षक: हिराबाई. पुढे रकाना होता, परीक्षकाची पात्रता. तिथे त्यांनी लिहिलं, 'लेखकापेक्षा जास्त', आणि पाठवून दिलं.

*

नाव यादीत आलं! त्याच दिवशी आम्ही पेढे घेऊन जीपने पाड्यात गेलो. यादी म्हणजे काय हे हिराबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवल्याबिगर जायचं नाय."

पानं वाढली. वाफाळता भात, वर डाळ. सरांनी नुसत्या भाताचा एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"काय वास आहे, हिराबाई. चुकलो मी. आज घरी गेल्यावर लेख पहिल्यापासून लिहितो."

हिराबाई वाढता वाढता थांबल्या.

"मास्तर, हा रेशनचा हाय. तो बियाला ठेवलाय."