बोर्डावरचा सतरा

नानांचा फोन आला की अजून मला तो उचलावासा वाटत नाही. नाना म्हणजे माझे थोरले काका. एरंडोलला त्यांची केळी पिकवायची वखार आहे. पूर्वी ते दार किलकिलं करून आत हात घालायचे, केळ्याच्या फणीच्या पोटाशी बोटं धरायचे आणि बर्फ वाढवायचा की काढायचा ते तिथंच सांगायचे. सगळा जन्म त्यांचा माल हातावर पिकला. मला मात्र तो अडाणी कारभार वाटायचा.

मग त्यांनी कूलिंगच्या मशीनची नवी खोली बांधली आणि घरातला एकुलता एक इंजिनिअर, म्हणजे मी, हुरळून गेलो. शिकायला घेतात तसला मायक्रोकंट्रोलरचा एक बोर्ड माझ्याकडे पडून होता. त्याच्यावर सगळं आयतं बसवलेलं: बटणं, दिवे, बजर, आकडे दाखवणारा डिस्प्ले, मशीन चालू-बंद करायला रिले आणि नखाएवढा तापमानाचा सेन्सर. सेन्सरसाठी बाहेरून एकही वायर ओढावी लागली नाही, याचाच मला कोण अभिमान!

नोकरीच्या गावी, मेहरूणच्या माझ्या खोलीत, पंख्याखाली, मी तो सेन्सर साध्या थर्मामीटरशी ताडून पाहिला. आकडा जुळला. वखारीतली ओल लागू नये म्हणून बोर्ड प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात घातला, झाकणाचे स्क्रू घट्ट आवळले आणि दाराच्या काचेतून आकडा दिसेल असा आत टांगला. सोळाच्या खाली गेलं की मशीन बंद, अठराच्या वर गेलं की चालू.

पहिला माल भरला. चौथ्या दिवशी पिवळीधमक केळी देतो, असा नानांनी धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी पिकवण्यासाठी सोडलेला आतला गॅस काढायला त्यांनी दार उघडलं, सवयीनं हात घातला आणि मला फोन केला.

"थंडं लागी राह्यनं रे भाऊ."

"डब्यावर किती दिसतंय?"

"सतरा."

"मग सतराच आहे, नाना. तुमच्या हाताचं सोडा आता. दार लावा, गारवा बाहेर जातोय."

त्यांनी दार लावलं.

चौथ्या दिवशी मी सुट्टी टाकून गेलो. कौतुक करून घ्यायला, दुसरं काय! दार उघडलं तर पिवळं कुठंच नाही. सालीवर राख चोळल्यासारखी मळकट कळा. केळं एकदा थंडीनं बाधलं की मग कितीही ऊब द्या, ते पिवळं होत नाही, हे नानांना न सांगता माहीत होतं. व्यापाऱ्यानं एक केळं दाबून पाहिलं, परत क्रेटमध्ये ठेवलं आणि रिकामा टेम्पो फिरवला.

मी खिशातला थर्मामीटर आत धरला. बारा. डब्यावर अजून सतराच. झाकण उघडल्यावर कळलं. सगळ्या बोर्डाला वीज पुरवणारा भाग चालता चालता तापतो आणि सेन्सर त्याच्यापासून बोटभर अंतरावर. माझ्या खोलीत ती ऊब पंख्यानं उडवून नेली होती. इथं ती मीच स्क्रू आवळून कोंडली. डबा स्वतःचीच ऊब मोजत होता.

नाना ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माले थंडं लागनं व्हतं. मंग म्हटलं, पोऱ्या शिकेल शे, इंजिनिअर शे."

सेन्सर लांब वायरीवर डब्याबाहेर काढायला मला अर्धा तास लागला. तेव्हापासून आकडा चुकलेला नाही. धुळ्याचा व्यापारी परत आला नाही, पण दुसरे आले. वखार चालू आहे.

आणि प्रत्येक भरणीला नानांचा फोन येतो.

"हात लाई पाह्या. आकडा सतरा शे. बरोबर शे ना?"

"तुमच्या हाताला काय वाटतं, नाना?"

"हातनं काय खरं शे. तू सांग."

मी इतक्या लांब, मेहरूणच्या खोलीत पंख्याखाली बसलेला असतो. मग मी सांगतो, बरोबर आहे म्हणून. त्यांनी दार लावल्याचा आवाज फोनमधून येतो.