आपली शाल

दिवाळी झाली की मी लोकरीच्या कपड्यांची यादी काढते: ठेवायचे, दुरुस्तीचे, द्यायचे. आज ट्रंक उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी थेट दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पोचले, नऊ वर्षांची होऊन.

त्या रविवारी चर्चमध्ये सिस्टरनी संत मार्टिनची गोष्ट सांगितली होती. या सैनिकाने थंडीत कुडकुडणारा भिकारी पाहिला आणि तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला. मी घरी येऊन आईची निळी शाल काढली, कात्रीने अर्धी केली आणि खाली इस्त्री करणाऱ्या शांतीला देऊन आले.

उरलेली अर्धी आईच्या हातात दिसली तेव्हा मी दाराआड सरकले.

"माझी शाल कुणी कापली?"

"मीच. मार्टिनने आपला झगा कापला ना? मग ही पण आपलीच शाल."

"अगं बाई, आपला म्हणजे स्वतःचा! आईचा नव्हे!" आईने कपाळाला हात लावला आणि पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

तेवढ्यात शांती दारात आली. "भाभीजी, बिटिया ने आधी शाल दी है. इसमें तो एक ही कंधा ढकेगा!"

"लो, दूसरा भी ढक लो," म्हणत आईने उरलेली अर्धीही तिला दिली.

तेव्हा वाटलं, मी वाचले. आज कळतं, आईकडे चांगली शाल ती एकच होती.

द्यायच्या यादीत मी सगळ्यात वर माझा मरून कोट लिहिला. तो मला फार आवडतो, आणि तो माझा स्वतःचा आहे.