कठड्याजवळची खुर्ची

क्रूझवरच्या दुसऱ्या दुपारी समुद्र खवळला. लाटा जहाजावर धडाधड आदळू लागल्या. सगळे डेकवरून आत पळत होते आणि माझी पाच वर्षांची नात सई मात्र लाटा बघायला कठड्याजवळच्या खुर्चीवर चढली. मी ओरडले, पण वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येईना.

तेवढ्यात एका अनोळखी बाईने सईची वेणी धरून तिला मागे खेचलं. पोर खाली आपटली, ओठ फुटला. वर बाईने तिच्या थोबाडीत लगावली.

“हात कसा लावलात माझ्या मुलीला?” माझी सून तिच्या अंगावर धावून गेली.

इतक्यात जहाज कललं आणि ती खुर्ची कठड्यावरून समुद्रात फेकली गेली. सून जागीच थिजली.

“हाताला वेणीच लागली हो,” बाई म्हणाली.

प्रवासाला निघताना उलटीच्या गोळ्या आठवणीने घेतल्या होत्या. समुद्राला हात असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. माया त्याच्याशी झोंबते तेव्हा तीही आडदांडच होते.

सुनेने रडणाऱ्या सईला उचललं आणि त्या बाईच्याच कुशीत दिलं. सईपेक्षा त्या बाईचीच थरथर थांबत नव्हती.