विमलताईचं कोड आणि माझं

विमलताई गेल्याची बातमी तिच्या शाळेच्या शिपायाने आणली. कन्हानहून पहिल्या बसने तो महाल नावाच्या पेठेतल्या आमच्या घरी आला, तेव्हा मी आधी बाह्या खाली ओढल्या आणि मगच दार उघडलं. सव्वा महिना झाला, पण ते मनातून जात नाही... बहीण गेली होती आणि मी डाग झाकत होते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आठव्या वर्षी तिच्या डाव्या गालावर कोड उठलं. आमचे बाबा विणकर; हातमागावरून उठून तिला वैद्याकडे नेत. बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं की गालाला फोड यायचे. दोनेक वर्षांत डाग कपाळापर्यंत चढला, डावी भुवई पांढरी झाली, आणि मग थांबला तो थांबलाच. उजव्या बाजूला कधी आला नाही.

एकोणीसशे पासष्टच्या सुमारास मला पाहायला पाहुणे येणार होते. आईच्या मनातलं ताईने न सांगता ओळखलं. "मी कन्हानले मावशीकडे जाऊन येतो," म्हणत तिने स्वतःच पिशवी भरली. मी तिला थांब म्हटलं नाही. माझं लग्न ठरलं. ती तिकडेच प्राथमिक शाळेत शिकवू लागली, एकटीच राहिली.

चाळिशी उलटल्यावर माझ्या दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे ठिपके आले. मग मनगटं, मग ओठांच्या कडा. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. ताईच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, लहानपणी येतं ते पुष्कळदा एकाच बाजूला राहतं, थोड्या काळात पसरून थांबतं; मोठेपणी येतं ते बहुधा दोन्हीकडे, आणि कुठे थांबेल सांगता येत नाही. बाहेर आल्यावर मी रडू लागले. "तुला काय कळणार?" असंही बोलून गेले. ताईने मला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं. मग म्हणाली, "खरं आहे वं. मले माह्या जुन्या चेहऱ्याची आठवणच नाही. तुले तर चाळीस वर्षांचा चेहरा विसराचा आहे."

पुढच्याच वर्षी माझ्या लेकीला, सुनंदाला, पाहायला लोक आले. मी स्वयंपाकघरातच बसून होते. ताई आत आली. "काहून लपून राहिली वं?" म्हणत तिने माझा हात धरला आणि मला सरळ पाहुण्यांसमोर नेऊन बसवलं. "ही पोरीची माय, मी मावशी. दोघींलेबी कोड आहे. हे चिकटत नाही. विचाराचं ते आत्ताच विचारा."

कोणी काही विचारलं नाही. आठवड्याने नकार आला. मी ताईला नाही नाही ते बोलले, मग बोलणंच टाकलं. दीड वर्षाने सुनंदाचं काटोलला जमलं, आमचं सगळं माहीत असलेल्या घरात. लग्नाला ताई मागच्या रांगेत बसून, जेवून गेली. आज जाऊ, उद्या जाऊ... कन्हान काही दूर नव्हतं. मी गेले नाही.

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला गेले. आरसा तिने खिडकीसमोर लावला होता, भर उजेडात. माझ्या घरी तो दाराआड, अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. मी डोक्यावरचा पदर काढून तिच्या आरशासमोर उभी राहिले. कानाखाली, मानेवर, बोटभर लांब पांढरा पट्टा होता. किती दिवसांपासून होता, कोण जाणे.