पिवळा पडलेला कागद

आमच्या दवाखान्यातल्या दुर्बिणींचे खरे मालक म्हणजे मामा. नावाला दुरुस्ती कारागीर, पण पोटात घालायची ती लवचीक नळी वाकडीतिकडी वाकवली, तर मोठ्या डॉक्टरांचीही खैर नसे. रोज सकाळी मामा प्रत्येक नळी कोऱ्या कागदासमोर धरून तिला डोळा लावत. आत काचेचे केसाहून बारीक हजारो तंतू. एक तुटला तरी काळा ठिपका दिसे. "नळी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," असं म्हणून ते मुद्दाम माझ्याकडे बघायचे. भांडाराच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या ना!

त्या सकाळी मामांनी नवा कागद मागितला, मी नुकत्याच फोडलेल्या गठ्ठ्यातला दिला. तरी एकाच नळीशी ते अडून बसले. ठिपका एकही नव्हता, पण नळीतून कागद चहा सांडल्यासारखा पिवळा दिसत होता.

"पुसून बघा की, मामा."

"पुसून जायचं नाही हे. काचेनं एक्स-रे खाल्लाय, त्यानं ती आतून पिवळी पडते."

ती नळी फक्त एक्स-रेच्या खोलीत वापरायचे. सहा वर्षं ती धरून डॉक्टरांशेजारी उभी राहायची ती मामांची मुलगी, तिथली नर्स.

मामांनी तिला बोलावून घेतलं. "किरण मोजायचा बिल्ला कुठाय तुझा?"

"कपाटात." ती हसली. "आकडा वाढला की खोलीतून काढतात, बाबा. मग माझ्याइतका हात कुणाचा बसलाय तिथे?"

म्हणून तिच्या बिल्ल्याचा अहवाल दर वेळी धुतल्या तांदळासारखा!

"आणि डोळ्यांना?"

"शिशाचा चष्मा एकच आहे. तो डॉक्टरांच्या नाकावर."

दुसऱ्या चष्म्याचा तिचा अर्ज वर्षभर माझ्याच टेबलावर पडून होता. 'बघू' म्हणून मीच तो खाली सारला होता. माझी मलाच चीड आली.

"जाते, आत पेशंट झोपवलाय," म्हणत ती वळली. जाता जाता तिची नजर टेबलावर गेली. "बाबा, आधी तो कागद बदला. किती पिवळा पडलाय!"

नळी केव्हाच पेटीत गेली होती. पोरगी नुसत्या डोळ्यांनी बघत होती.

मामांनी कागद उचलून खिडकीशी धरला. पांढराशुभ्र. मग ते उठले आणि ती बाहेर पडायच्या आत दार लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले.