पावसातल्या शहरातले खून आणि मंदारचं लग्न

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. पार्सलचे प्लास्टिकचे डबे साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, झाकणं सापडत नाहीत आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. आमचं कपाट म्हणजे धायरीतलं नितीनचं ऑफिस. त्याच्या वडिलांनी शेत विकून बिल्डिंग बांधली, खाली सिमेंट-सळईचं दुकान काढलं आणि दुकानामागच्या खोलीत नितीनने हा भलामोठा स्क्रीन लावला. "धंद्यासाठी," असं तो घरी सांगतो. रविवारी दुपारी त्या स्क्रीनवर आमचा धंदा चालतो. खुनाचा तपास!

गेम साधा आहे. एक काळोखं, कायम पावसात भिजलेलं शहर. तिथे खून होतो आणि तुम्ही डिटेक्टिव्ह. पुढे काय करायचं ते गेम सांगत नाही. कोणाच्याही घरात शिरा, कोणाचाही पाठलाग करा, वाटेल त्याला खुनी ठरवा. शहरातल्या प्रत्येक माणसाला नाव आहे, घर आहे आणि वेळेवर सुटणारी नोकरी आहे. तरी ते लोक दुःखी असतात.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासते, म्हणजे लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. नितीन जागेचा मालक. सलीमच्या घरचा मार्केट यार्डात मिरचीचा ठोक व्यापार. आणि चौथा मंदार, कोथरूडचा, सॉफ्टवेअरवाला, सज्जन आणि बिनलग्नाचा.

यातलं शेवटचं महत्त्वाचं. कारण यंदा मंदारला मृण्मयी नावाची मुलगी मनापासून आवडली होती आणि नवल म्हणजे तिलाही तो आवडला होता. फक्त तिच्या घरचे आधी चौकशी करणार होते, आणि मंदारची याआधीची सगळी स्थळं चौकशीतच गळली होती. "कोणी विचारायला आलं तर जरा नीट बोला," असं तो आम्हाला हात जोडून सांगायचा.

"अरे, आम्ही डिटेक्टिव्ह आहोत," आम्ही म्हणायचो. "चौकशीला आलेला माणूस आम्ही दारातच ओळखू!"

* * *

पहिल्या दिवशी गेमने प्रस्तावना दाखवली. हे भविष्यातलं भयाण शहर. हवा विषारी, माणसं काड्यापेट्यांत एकावर एक, सगळं कंपन्यांच्या हातात आणि सामान्य माणसाला कोणी विचारत नाही.

"मग ह्यात नवीन काय हाय?" नितीन म्हणाला.

मंदारने समजावलं, "डिस्टोपिया म्हणतात याला. पार बिघडलेलं शहर."

नितीनने डिटेक्टिव्हला एका घरातल्या सिंकपाशी नेलं आणि नळ सोडला. भर दुपारी पाणी आलं. त्याने खिडकीतून खाली पाहिलं, टँकर नव्हता. पुन्हा नळ बंद करून सोडला. पुन्हा आलं.

"बिघडलंय म्हणे!" तो म्हणाला. "फ्लॅटचा रेट विचार."

* * *

नितीनची तपासाची पद्धत वडिलोपार्जित आहे. खून कुठेही होवो, कोणाचाही होवो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "चुलतभाऊ किती?"

एकदा एकोणिसाव्या मजल्यावर एक म्हातारा मेला. आम्ही बोटांचे ठसे घेतले, फोनचे कॉल काढले, कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं. नितीन मागून म्हणतोय, "जमिनीचा वाद आसंल."

"अरे, एकोणिसावा मजला आहे! जमीन कुठली?"

"मग गच्चीचा आसंल."

आम्ही पुराव्यानिशी एका डेंटिस्टला पकडलं. तो निर्दोष सुटला. खुनी निघाला म्हाताऱ्याचाच आडनावबंधू, खालच्या मजल्यावरचा! "सायन्सला होता ना तुम्ही?" एवढंच नितीन म्हणाला, पण पुढचे कितीतरी रविवार म्हणत राहिला. तेव्हापासून तो प्रत्येक केसमध्ये आधी चुलतभावाला आत टाकतो. त्या शहरात आता नातेवाईक एकमेकांना ओळख दाखवत नसतील.

* * *

माझाही एक किस्सा आहे, पण तो बाकीचे जास्त आवडीने सांगतात. एका संशयिताच्या कपाटात मला घराच्या कर्जाचे कागद सापडले. मी त्याला तिथल्या तिथे निर्दोष ठरवलं. ज्याचे एवढे हप्ते बाकी आहेत तो माणूस तुरुंगात जाण्याची चैन करेलच कशाला?

खून त्यानेच केला होता. सलीमने फार प्रेमाने विचारलं, "बँकेत पण असंच करतेस का गं?"

* * *

मंदारची गोष्ट वेगळी. तो कुलूप तोडून लोकांच्या घरात शिरतो, पण आधी बेल वाजवतो. कोणाला धक्का लागला तर स्क्रीनला "सॉरी" म्हणतो.

एकदा तो एका मेलेल्या माणसाच्या घरात शिरला. बाहेर पोलीस, खाली पोलीस. अर्धा तास श्वास रोखून त्याने एकेक खोली तपासली. हवा तो कागद मिळाला, खिडकी उघडी होती, आता फक्त उडी मारायची. आणि हा पठ्ठ्या मागे फिरला! स्वयंपाकघराचा दिवा घालवला, मग बेडरूमचा, मग बाथरूमचा. इतका वेळ उजळलेल्या घरात एकदम अंधार झालेला पाहून पोलीस आत आले आणि त्यांनी त्याला तिथेच आडवा केला.

"दिवे कशाला घालवलेस?" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"मग काय चालू ठेवू?" मंदार म्हणाला. "घरात कोणी नाहीये."

* * *

त्या गेममध्ये फ्लॅटही घेता येतो. त्या दिवसांत सलीम खरोखरच भाड्याचा फ्लॅट शोधत होता. फोनवर "आजच या" म्हणणारे मालक नाव ऐकलं की "अहो, कालच गेला" म्हणायचे. पुण्यात फ्लॅट फार पटकन जातात.

गेममध्ये सलीमने एका मशीनवर बटण दाबलं आणि किल्ली हातात आली.

"एवढंच?" तो म्हणाला. "आडनाव नाही विचारलं?"

"नाही," मंदार म्हणाला.

सलीमने डिटेक्टिव्हला नव्या घरात नेऊन पलंगावर झोपवलं. "खुनाचं तुम्ही बघा. मी जरा इथेच राहतो." तो हसत होता, पण आम्हाला कोणाला हसू आलं नाही. मला तर लाजच वाटली.

नितीन म्हणाला, "वरचा फ्लॅट रिकामा हाय की. तू कधी विचारलं न्हाईस."

"तू कधी बोलला नाहीस," सलीम म्हणाला.

नितीन उठून बाहेर गेला आणि गेटवरचा 'फ्लॅट भाड्याने देणे आहे' हा बोर्ड काखेत मारून आला. आमचा स्क्रीन एका बाजूला कलायचा. त्याने बोर्ड त्याच्याखाली टेकू म्हणून सरकवला आणि म्हणाला, "हं, चालू करा."

* * *

आणि मग तो रविवार. मंदार आईवडिलांना घेऊन कात्रजला नातेवाइकांकडे गेला होता. आम्ही तिघं एका गायिकेच्या खुनात महिनाभर अडकलो होतो. नवरा, मॅनेजर, शेजारीण, सगळे संशयित तपासून झाले होते. एवढ्यात दारात एक साठीच्या बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी.

"गेटवर बोर्ड वाचला. फ्लॅट भाड्याने आहे ना?"

"गेला की मावशी," नितीन म्हणाला. "ह्यालाच दिला."

"असू दे. ऊन फार आहे, जरा टेकते."

आम्ही खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंनी विचारलं हे काय चाललंय, आम्ही सांगितलं. "तिघंच खेळता?" त्यांनी विचारलं.

"चौथा मंदार," मी म्हणाले, आणि मग आम्हाला कंठ फुटला.

"मावशी, तो लोकांच्या घरात खिडकीतून शिरतो!"

"एका बाईच्या मागं अख्खा रविवार फिरला!"

"आणि पकडला गेला की पळत सुटतो!"

"अस्सं," बाई म्हणाल्या. "चिडतो का हरल्यावर?"

"छे! सॉरी म्हणतो." मग आम्ही दिव्यांचा किस्सा सांगितला, अभिनयासकट. सलीम म्हणाला, "मी इथे राहायला आलो तेव्हा सामान हलवायला सगळे येणार होते. आला तो एकटा मंदार." नितीन आणि मी स्क्रीनकडे बघायला लागलो. बाईसुद्धा बघत होत्या. तिथे गायिकेच्या बिल्डिंगचा लिफ्टवाला नेहमीसारखा दार धरून उभा होता.

थोड्या वेळाने त्या उठल्या.

"दुसरीकडं फ्लॅट बघून ठेवू का मावशी?" नितीनने विचारलं.

"नको. मला बघायचं ते बघून झालं."

त्या गेल्या. आम्ही पुन्हा शेजारणीच्या मागे लागलो. पाचेक मिनिटांनी सलीम सावकाश म्हणाला, "नित्या, त्यांनी बोर्ड कुठे वाचला?"

आम्ही तिघांनी स्क्रीनखाली पाहिलं.

मी गेटपर्यंत धावले. रस्त्यावर कोणी नव्हतं. "नाव काय त्यांचं?" मी परत येऊन विचारलं. उभ्या धायरीला आडनाव विचारणाऱ्या नितीनने ते विचारलं नव्हतं. तेवढ्यात मंदारचा फोन आला. "अरे, मृण्मयीची मावशी आज धायरीत येणार होती म्हणे. तिकडे कोणी आलं नाही ना?"

"छे छे!" आम्ही तिघंही म्हणालो. "कोणीच नाही!"

पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत पोरगा पहिल्यांदा कोणाबद्दल मनापासून बोलत होता, आणि आम्ही बसल्या बसल्या त्याला चोर, पाठलाग करणारा आणि पळपुटा ठरवून मोकळे झालो होतो. गेममध्ये निदान आधी सेव्ह केलेल्या जागी परत जाता येतं.

बुधवारी मंदारने ग्रुपवर एक मेसेज फॉरवर्ड केला. मृण्मयीच्या मावशीने तिच्या आईला पाठवलेला.

"मुलगा पसंत आहे, पुढचं बोलून घ्या. मित्र भाबडे आहेत. त्यांना निरोप द्या, खून लिफ्टवाल्याने केलाय."

रविवारी आम्ही चौघांनी मुकाट्याने लिफ्टवाल्याला अटक केली. तोच होता!