आधीच लागलेलं नाव

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे आधी चौकशी, आणि बाबा त्यात तरबेज. माझ्या वेळी त्यांनी रजा काढून मुलाच्या ठाण्याच्या घराचा परिसर पिंजून काढला. टेंभी नाक्यावरचा पेपरवाला, इस्त्रीवाला, शेजारच्या इमारतीतले डॉक्टर, सगळ्यांना सहज भेटल्यासारखं भेटून आले. घराणं चांगलं, मुलगा निर्व्यसनी, असा निकाल लागला. मुलगा मात्र कित्येक वर्षं अमेरिकेत होता, आणि तिथला इस्त्रीवाला काही बाबांना भेटणार नव्हता. ते कुणालाच खटकलं नाही. साखरपुडा झाला, तो परत गेला, आमच्या पत्रिकाही छापून आल्या.

तेव्हा डोंबिवलीत सायबर कॅफे नुकतीच निघाली होती. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, अमेरिकेची टेलिफोन डिरेक्टरी इंटरनेटवर फुकट बघता येते. तुझ्या नवऱ्याचं घर शोधूया ना." निव्वळ चेष्टा होती. आम्ही हसतच मानपाडा रोडच्या कॅफेत शिरलो.

मी त्याचं नाव, आडनाव, राज्य टाइप केलं. पान सावकाश उघडत गेलं. त्याचं नाव आलं, पत्ता आला. मैत्रिणीने टाळीसाठी हात पुढे केला. मग खाली आणखी एक ओळ उमटली. पत्ता तोच, फोन तोच. नाव एका बाईचं, त्यापुढे त्याचं नाव, मग त्याचं आडनाव.

लग्नानंतर माझं नाव अगदी असंच लागणार होतं. फक्त पहिला शब्द वेगळा.

मैत्रीण काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. परक्या देशात, त्या पत्त्यावर, ओळखीचं एकही माणूस नसताना मी या माणसाबरोबर एकटी राहणार होते. तो तर म्हणाला होता, एकटाच असतो, भात करून खातो.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते पत्रिकांना हळदकुंकवाची बोटं लावत बसले होते. त्यांचा हात थांबला. जरा वेळाने चेहरा खुलला.

"अगं वेडे, आत्या असेल त्याची! नातवाला आजोबांचं नाव ठेवतात ना? आजोबांचं नाव तेच असेल, तर आत्याच्या बापाचं नाव तेच. लग्न केलं नसेल तिने, म्हणून माहेरचं आडनाव."

आमच्या चुलतभावाचं नाव आजोबांचंच होतं, म्हणजे बोलणं बिनबुडाचं नव्हतं. बाबांनी पुढची पत्रिका घेतली. मला त्यांचं सगळं पटवून घ्यायचं होतं. पण ते पटेना.

रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. बाबा समोरच पेपर उघडून बसले, पण पान उलटत नव्हते.

"तुमची आत्या असते का तिकडे?" मी विचारलं.

"आत्या? नाही गं, आत्या कळव्याला. साखरपुड्याला नव्हती का आलेली? का विचारतेयस?"

मी ते नाव सांगितलं, पूर्ण, तिन्ही शब्द.

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं लाइन कट झाली. मी देवाला विनवत होते, की त्याने हसावं, ही कोण बया म्हणून विचारावं, माझ्यावर चिडावं, काहीही करावं.

"तुला हे कुणी सांगितलं?" तो हळू आवाजात म्हणाला.

मी रिसीव्हर तसाच धरून बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि कोपऱ्यातला पत्रिकांचा गठ्ठा उचलून आत नेला.